रंग, जनुकं आणि एक पांढरा जीवाणू

खानदेशातल्या जामनेरच्या काळ्या रानात पावसाळी, दमट हवा टिकली की कपाशीच्या पानांवर करपा रोगाचे पाणी शिरल्यासारखे ठिपके दिसू लागतात. शिरा त्यांना अडवतात, म्हणून त्यांना कोन येतात. अशा ठिपक्याची कड कापून पाण्याच्या थेंबात ठेवली, की सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणूंचा लोट धुरासारखा बाहेर पडतो. आगरच्या बशीत पिवळ्या, चिकट वसाहती वाढतात. वनस्पतिरोगाच्या कामात आम्हा सगळ्यांना शिकवलेली पहिली खूण हीच : पिवळा तो झँथोमोनस वंशाचा.

या खुणेला किती वजन द्यायचं, हे मी आंब्याच्या जीवाणूकडून शिकलो. पुण्यात काम करणारे एम. के. पटेल, मोनिझ आणि कुलकर्णी यांनी १९४८ साली आंब्याच्या नव्या जीवाणूजन्य रोगाचं वर्णन केलं. वसाहती पांढऱ्या होत्या. जीवाणू स्यूडोमोनस वंशात गेला. हाती असलेल्या पुराव्यावर तो निर्णय रास्तच होता. १९७४ साली त्याला झँथोमोनसमध्ये आणलं गेलं आणि २००९ च्या अभ्यासाने झँथोमोनस सिट्री या प्रजातीत. पिवळं रंगद्रव्य नसतानाही त्याचं कूळ डीएनएत शाबूत होतं.

कपाशीच्या जीवाणूचा प्रवासही असाच. स्मिथ या संशोधकाने १९०१ साली वर्णन केलेला हा जीवाणू पुढे झँथोमोनसच्या कँपेस्ट्रिस प्रजातीत, १९९५ साली अ‍ॅक्सोनोपोडिसमध्ये आणि २००५ नंतर सिट्रीत मोडू लागला. लिंबाचा खैऱ्या, आंब्याचा हा जीवाणूजन्य रोग आणि कपाशीचा करपा, तिन्हींचे जीवाणू एकाच प्रजातीचे.

प्रजातीची सीमा आखताना आधी डीएनए संकरणातलं ७० टक्के साम्य पाहत. आता संपूर्ण जनुकसंचांतलं ९५-९६ टक्के सरासरी साम्य पाहतात. सोबत स्टार्च, शर्करा, मेदाम्लं यांच्या चाचण्याही लागतात. तरीही कपाशीचा जीवाणू मुख्यतः कपाशीवर रोग आणतो, आंब्याचा मुख्यतः आंब्यावर. म्हणून प्रजातीच्या नावापुढे पॅथोव्हार, म्हणजे कोणत्या पिकावर रोग येतो ते सांगणारा उपप्रकार, लिहावाच लागतो, आणि तो जनुक वाचणारं यंत्र नव्हे, जिवंत रोपावर केलेली लागणीची चाचणी ठरवते.

जनुकांनी नातं सांगावं, पानाने वागणं सांगावं. दोन्ही साक्षी हव्यात. शिवाय जुनी संवर्धनं जपलेली असतील, तरच फेरतपासणी शक्य होते. म्हणून खानदेशातल्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे : शेतातून वेगळा केलेला प्रत्येक जीवाणू गाव, पीक आणि तारखेसह नोंदवा आणि पुण्याच्या सूक्ष्मजीव संग्रहासारख्या ठिकाणी जमा करा.