उसाच्या मुलखातली नेमबाजी

दिल्लीच्या उत्तरेस यमुनेच्या काठाने बागपत जिल्हा पसरला आहे. दिल्लीहून सहारनपूरकडे जाणाऱ्या गाडीने बडौतच्या बाजूला निघाले, की दुतर्फा उसाचे फड लागतात. गुऱ्हाळे आणि दारात बांधलेल्या म्हशी पाहून आपल्या कोल्हापूरकडच्या माणसाला हा मुलूख परका वाटत नाही. याच पट्ट्यात जोहडी नावाचे गाव आहे. या गावाचे पीक मात्र निराळे. इथे नेमबाज पिकतात.

१९९८ च्या सुमारास डॉ. राजपाल सिंह यांनी इथे रायफल क्लब सुरू केला. पुढच्याच वर्षी चंद्रो तोमर नावाच्या आजीबाई नातीला घेऊन तिथे गेल्या. वय साठीच्या पुढचे, डोक्यावर पदर. पोर बिचकली, तेव्हा तिला धीर द्यावा म्हणून आजीने स्वतःच पिस्तूल हाती घेतले आणि नेम अचूक बसला! मग त्यांची जाऊ प्रकाशी याही आल्या. गाव हसले, घरच्यांपासून लपावे लागले. पण दोघींनी सराव सोडला नाही. वयस्करांच्या स्पर्धांतून त्यांनी पुष्कळ पदके आणली. प्रकाशींची मुलगी सीमा हिने २०१० साली विश्वचषकात ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळवले. चंद्रो आजी २०२१ साली करोनाने गेल्या. तोवर गावोगावच्या पोरी पिस्तूल धरू लागल्या होत्या.

महागड्या सामानावाचून हे कसे जमले? एक तर खेळ निवडला दहा मीटर हवाई पिस्तुलाचा. याला काडतूस लागत नाही, साडेचार मिलिमीटरचा छर्रा पुरतो. अंतर जेमतेम तेहतीस फूट. दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे. दुसरे असे, की पिस्तूल क्लबचे. सर्वांनी आळीपाळीने वापरायचे.

आणि तिसरी गोष्ट घरातलीच. पिस्तूल एका हातात, हात लांब करून धरावे लागते. चंद्रो आजी रात्री पाण्याने भरलेला जग तसाच हात लांबवून धरत आणि तो हलू देत नसत. धारा काढलेल्या, चारा कापलेल्या हातांना बळ होतेच. त्यात स्थिरता आली. या सरावाला पैसा लागत नाही, रोजची दहा मिनिटे लागतात.

एवढे मात्र ध्यानात ठेवावे. बंदूक आणून पाखरे मारीत हिंडणे म्हणजे नेमबाजी नव्हे. शिकायचे ते जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली. नळी कधीही माणसाकडे वा जनावराकडे वळवायची नाही. पोराने वा पोरीने हट्ट धरला, तर दुकानात जाण्याआधी जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात जाऊन शिक्षण कुठे मिळते याची चौकशी करावी.

आपल्याकडेही दाखला आहेच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक जिंकले. त्यांचा खेळ पन्नास मीटर रायफलचा, बराच खर्चाचा. पण नेम धरायला लागणारा हात आणि धीर खेड्यातलाच होता. तो आपल्या घरातही असू शकेल. आज रात्री तांब्या भरून बघा, किती वेळ हलत नाही ते!