पॉइंट मिळाले, पण मुलाला काय मिळालं?



सुट्ट्या जवळ आल्या की मोबाईलवर कार्यशाळांच्या जाहिराती सुरू होतात. 'दोन दिवसांत वर्तनसमस्या सोडवा, प्रमाणपत्र लगेच!' मी नागपुरात विशेष शिक्षिका आहे. आमची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तिचं ठराविक मुदतीनंतर नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सीआरई पॉइंट लागतात. म्हणजे शिकत राहणं ही आमची हौस नाही, गरज आहे. इतर शिक्षकांसाठीही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दरवर्षी किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा आहेच.

वर्तन विश्लेषकांचंही तसंच. अमेरिकेतल्या बीसीबीए प्रमाणपत्रधारकांना दर दोन वर्षांनी ३२ तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं. त्यातले ४ तास नीतिमत्तेचे असतात. २०२३ पासून ते प्रमाणपत्र भारतातल्या नव्या उमेदवारांना मिळत नाही. त्यामुळे नुसतं 'आंतरराष्ट्रीय' असं लिहिलेलं दिसलं की मी आधी विचारते, कोणत्या संस्थेचं? आणि इथे त्याला मान्यता आहे का?

पण मान्यता ही फक्त पहिली पायरी झाली. मुंबई-पुण्याला जायचं म्हणजे रेल्वेतली रात्र, रजा, राहण्याचा खर्च. एवढं करून काय मिळणार, हे पाहायलाच हवं ना?

एक उदाहरण घ्या. लिखाण दिलं की मुलगा वही फेकतो. बाई त्याला वर्गाबाहेर उभं करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा वही फेकतो. का बरं? कारण बाहेर गेलं की लिखाण टळतं! आपल्याला वाटते शिक्षा, त्याला मिळते सुटका. म्हणून आधी काय घडलं, मूल काय वागलं, नंतर काय घडलं, या तीन गोष्टी निदान आठवडाभर लिहून ठेवायच्या. लक्ष हवंय, वस्तू हवीय, काम टाळायचंय की त्या कृतीनेच बरं वाटतंय, हे मग कळू लागतं. 'मूल ओरडलं की दुर्लक्ष करा' असा सरसकट उपाय सांगणारी कार्यशाळा हे कारण शोधायलाच शिकवत नाही. काम टाळणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष केलं, तर त्याचं आयतंच फावतं.

म्हणून पैसे भरण्याआधी मी चार प्रश्न विचारते. शिकवणारी व्यक्ती स्वतः मुलांसोबत काम करते का? बदल मोजायचा कसा, हे शिकवणार का? ही पद्धत कुठे चालत नाही, हे सांगणार का? आणि नंतर अडलं तर विचारायला कोणी असेल का? तिसऱ्या प्रश्नावर 'सगळ्यांनाच लागू पडते' असं उत्तर आलं, की मी नमस्कार करून फोन ठेवते.

एवढी काळजी कशासाठी? अमेरिकेत १९९० च्या दशकात न बोलणाऱ्या मुलांचा हात धरून त्यांच्याकडून टाईप करून घेण्याची पद्धत खूप गाजली. आईवडिलांना वाटलं, लेकरू बोललं! मग चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवलं आणि हात धरणाऱ्याला दुसरं. टाईप झालं ते हात धरणाऱ्याने पाहिलेलं. प्रशिक्षण घेतलेले लोक प्रामाणिक होते, पण शब्द मुलाचे नव्हते.

मागे एका आईने विचारलं, "मॅडम, पंधरा हजार भरू का जी? ते म्हणतात, तीन महिन्यांत बोलेल." मी म्हटलं, "ताई, बोलण्यात काय बदल होईल आणि तो कसा मोजणार, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. मग ठरवा." त्यांनी लिहून दिलं नाही. तिने पैसे भरले नाहीत.

पालकहो, तुम्हीही आम्हाला विचारा, "मॅडम, मागच्या प्रशिक्षणात काय शिकलात आणि माझ्या मुलासाठी त्यातलं काय वापरताय?" आम्हाला राग यायला नको. आणि आला, तर समजून जा!