लहरीचे वजन

छंदिष्ट मित्रांच्या स्पर्धेत अट एकच होती : छोटी आगगाडी कितीही तऱ्हेवाईक असो, १६.५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर ती धावली पाहिजे. आम्ही काड्यापेट्यांचे डबे केले आणि शाईच्या पेनाच्या पितळी टोपणाचे उंच धुराडे. वळणावर इंजिन कलंडे. धुराडे छाटले असते, तर गंमतच सरली असती; म्हणून तळाशी शिसे भरले. रोलंड एमेट यांच्या व्यंगचित्रांतली रेल्वे १९५१ साली लंडनच्या बॅटरसी उद्यानात खरोखर धावली, तीही वाफेच्या इंजिनाच्या सोंगाआड डिझेल दडवून. लहरीला असा अदृश्य आधार लागतोच. विनोदी साहित्याला ‘हलकेफुलके’ म्हणून आपण बाजूला सारतो, तेव्हा त्याच्या तळाशी भरलेले शिसे पाहायचे राहून जाते.