फ्लेक्सवर होता, खेळात नव्हता

आमच्या मागच्या पडवीत चुलीची लाकडं झाकायला एक फ्लेक्स आहे. मालवणच्या किनाऱ्यावर फ्लेक्स कधी वाया जात नाही. निवडणूक झाली, वाढदिवस उरकला की तो होडीवर जातो, जाळ्यांवर जातो, नाहीतर लाकडांवर. आमच्या लाकडांवरच्या फ्लेक्सवर मात्र आमच्याच घरातला मुलगा आहे. आमचा पुतण्या. वय वर्षं चौदा. उजवा हात जन्मापासून कोपरापर्यंतच.

हा पोरगा मोबाइलवर गेम खेळतो. तसे मोहल्ल्यातले सगळेच खेळतात, पण त्याचं खेळणं बघण्यासारखं असतं. फोन पाटावर ठेवायचा, मागून तांदळाच्या पिशवीचा टेकू द्यायचा. बीजीएमआयसारख्या गेममध्ये साधारणपणे डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने नेम धरून गोळी झाडायची. पण त्यात पडद्यावरची बटणं आपल्या सोयीने हलवता येतात. याने जवळजवळ सगळी बटणं डावीकडे ओढून घेतली आणि एकच बटण मोठं करून उजवीकडे ठेवलं. ते तो कोपराने दाबतो. हे त्याला कुणी शिकवलं नाही. ईदीच्या पैशांतून रिचार्ज मारून, आठवडाभर हरत हरत तो स्वतःच शिकला.

दोन वर्षांपूर्वी बाजारातल्या एका मोबाइल दुकानदाराने गेमची स्पर्धा ठेवली. जाहिरातीसाठी त्याला आमच्या पोराचा फोटो हवा होता. आम्ही हो म्हटलं. खोटं कशाला बोला, आम्हाला अभिमानच वाटला. फोटो काढणाऱ्याने त्याला शर्टाची बाही वर करायला लावली, हातातला फोन बाजूला ठेवायला सांगितला आणि आभाळाकडे बघायला लावलं. एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला : 'हात नाही, हिंमत आहे!' दादीने पदराने डोळे पुसले. आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही की गेमच्या त्या जाहिरातीत गेम खेळणारा पोरगा गेम खेळतच नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी फोन दुकानाचे, स्टँडला घट्ट बसवलेले. बटणं हलवायची नाहीत, सगळ्यांना नियम एकच. बटणं लावायला दोन मिनिटं लागली असती. ती मिळाली नाहीत. पोरगा पहिल्याच फेरीत बाद झाला. आणि तरी जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. हरलेल्या दुसऱ्या कुठल्याच पोरासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

रात्री जेवताना तो एवढंच म्हणाला, "हरलंय आसतंय तरी चलला आसता, पण खेळान हरलंय आसतंय."

त्या दिवसापासून गेमच्या जाहिराती आम्ही वेगळ्या नजरेने बघू लागलो. गेमच्या चित्रांत एक डोळा झाकलेला, हाताला आकडा लावलेला माणूस दिसला की तो समुद्री चाचा असणार, हे ठरलेलं. आमच्या किनाऱ्यावर दोरखंडात बोटं गेलेला तांडेल संध्याकाळी नातवाला खांद्यावर घेऊन फिरतो. मोहल्ल्यातली पोरं त्यालाही चाचा म्हणतात, पण काका या अर्थाने! चित्रातला चाचा आणि आमचा चाचा यांच्यातलं अंतर जाहिरात करणाऱ्याला दिसत नाही, कारण तो आमच्या चाचाच्या ओट्यावर कधी बसलेला नसतो.

मग एक वेगळी जाहिरात पाहण्यात आली. फेब्रुवारी 2019 मध्ये अमेरिकेत सुपर बोल या फुटबॉलच्या मोठ्या सामन्याच्या वेळी मायक्रोसॉफ्टने ती दाखवली होती. या सामन्यातली जाहिरातीची जागा जगातल्या सर्वांत महागड्या जागांपैकी एक. तिथे कंपनीने अपंग मुलांना बोलतं केलं. त्यातल्या एका मुलाचा खेळ रंगात येतो आणि त्याचे मित्र तो बघायला धावत त्याच्या घरी जातात. सगळे खेळतात तेव्हा सगळेच जिंकतात, असा तिचा आशय.

डोळ्यांत पाणी आणायची कला त्या जाहिरातीलाही येते, नाही असं नाही. शेवटी तीही विक्रीसाठीच. पण तिच्या मागे एक वस्तू होती. एक्सबॉक्सचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर 2018 च्या सप्टेंबरातच बाजारात आला होता. त्याला वर दोन मोठी गोल बटणं आणि पाठीमागे 19 खाचा. पायाने, कोपराने, तोंडाने, ज्याला जसं जमेल तसं चालणारं बटण त्यांत जोडायचं. त्याचं खोकंसुद्धा असं केलेलं की कडीत हात किंवा मनगट अडकवून ओढलं तरी उघडावं. पुढे 2020 मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' हा गेम साठाहून अधिक सोयी घेऊन आला, त्यांत न दिसणाऱ्यांनाही खेळता येईल अशा सोयी होत्या. डिसेंबर 2023 मध्ये सोनीनेही आपला अ‍ॅक्सेस कंट्रोलर आणला. म्हणजे आधी सोय, मग फोटो. आमच्या बाजारात फोटो झाला, सोय राहूनच गेली.

आपल्याकडेही याचा विचार झालेला आहे. 2022 मध्ये जाहिरातींच्या 'आस्की' या संस्थेने आपल्या नियमांत भर घातली, शारीरिक वा मानसिक स्थितीवरून कुणाची थट्टा करू नये म्हणून. पण आमच्या फ्लेक्सवर थट्टा कुठे होती? होतं ते कौतुकच. या कौतुकाचं नेमकं दुखणं सांगितलं सर्वोच्च न्यायालयाने. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे निपुण मल्होत्रा 'आंख मिचोली' या चित्रपटाविरुद्ध न्यायालयात गेले होते. 8 जुलै 2024 च्या त्या निकालात न्यायालयाने दृश्य माध्यमांना सांगितलं, अपंग माणसाला हास्यास्पद करू नका आणि अचाट पराक्रमी वीरही करू नका. त्याचं खरं, अनेक रंगांचं जगणं दाखवा. आणि त्याच्याबद्दलचं ठरवताना त्यालाही विचारा.

त्यालाही विचारा! एवढं साधं आम्हाला सुचलं नव्हतं. दुकानदाराने आम्हाला विचारलं, आम्ही हो म्हटलं. पोराला कुणी विचारलं?

दुकानदाराला दोष देऊन मोकळं होता येत नाही. घरच्या निकाहाचा एक जुना फोटो दिवाणखान्यात आहे. त्यात पोरगा मागच्या रांगेत उभा आहे, लांब बाहीच्या शेरवानीत, पुढच्या दोन माणसांच्या मधून फक्त चेहरा दिसेल असा. त्याला तिथे उभं करणारे आम्हीच होतो. लोक विचारतील, त्याला वाईट वाटेल, असं आम्ही तेव्हा एकमेकांना सांगितलं. आम्ही त्याचा हात झाकला, दुकानदाराने तो उघडा केला. दोन्ही वेळा फोटो त्या हाताचाच झाला. पोरगा त्यात कुठेच नव्हता.

स्पर्धा संपल्यावर फ्लेक्स आम्हीच मागून आणला, लाकडांना होईल म्हणून. पहिला पाऊस आला तेव्हा तो पोराच्या चेहऱ्यावर पडत होता. दादीला ते बघवेना. पण आम्ही उठायच्या आधीच पोरगा पडवीत गेला, डाव्या हाताने आणि उजव्या कोपराने फ्लेक्स उलटा केला, चित्र आत, पांढरी बाजू वर, आणि कडेला जांभा दगड ठेवला. मग आत येऊन पाटावर फोन मांडला.

यंदा बाजारात पुन्हा स्पर्धा आहे म्हणतात. या वेळी त्याने आमच्याआधी स्वतःच दुकानात जाऊन विचारलं, बटणं हलवायला देणार काय? दुकानदार म्हणाला, बघू. फोटोचं मात्र दोघांपैकी कुणीच काढलं नाही.