सेक्शन, सॅफ्रानिन आणि एफ.वाय.चं वर्ष

ऐंशीच्या दशकात बारावी सायन्स होऊन एफ.वाय.बी.एस्सी.ला बॉटनी-झूलॉजी घेतलं की पहिली खरेदी ठरलेली असे. डिसेक्शन बॉक्स, पांढरा अ‍ॅप्रन, एचबी पेन्सिल आणि एक पान कोरं, एक पान रेघांचं असं जाडजूड जर्नल. बॉक्समध्ये कात्री, चिमटे, स्काल्पेल, लांब दांड्याच्या सुया आणि एक बारीक ब्रश. कित्येक घरांत तो बॉक्स थोरल्या भावाकडून धाकट्या बहिणीकडे यायचा. आज एफ.वाय.ला येणाऱ्या मुलांच्या बॅगेत अ‍ॅप्रन अजून आहे, हातमोजे आहेत, मोबाइल आहे. डिसेक्शन बॉक्स मात्र अनेकांनी पाहिलेलाही नसतो. लॅबच्या ओट्यांशी मी आधी विद्यार्थिनी म्हणून उभी राहिले आणि पुढे सगळी नोकरी शिकवण्यात गेली, त्यामुळे त्या काळाची ओढ मला आहेच. ती नेमकी कशाची, हे एकदा नीट मांडावंसं वाटतं, कारण त्या लॅबमधलं सगळंच जपण्यासारखं नव्हतं.

जपण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे सेक्शन. सूर्यफुलाच्या कोवळ्या खोडाचा टी.एस., म्हणजे आडवा छेद. खोडाचा तुकडा बटाट्याच्या फोडीत चीर पाडून धरायचा, ब्लेड आणि खोड दोन्ही ओलं करायचं आणि ब्लेड करवतीसारखं पुढेमागे न करता एका ओढीत स्वतःकडे आणायचं. असे भराभर काप घेऊन वॉच ग्लासमधल्या पाण्यात सोडायचे. मग खरी परीक्षा: त्यातला सगळ्यात पातळ काप ब्रशने निवडायचा. नव्या मुलांना अख्खा गोल हवा असतो, आणि अख्खा गोल बहुतेक वेळा जाड असतो. आमचे सर सांगायचे, पाचर आली तरी चालेल, पण छापील कागदावर ठेवली की खालचं अक्षर दिसलं पाहिजे. मग सॅफ्रानिन या लाल रंगाचे दोन थेंब, जरा वेळ थांबून पाण्याने धुणं, स्लाइडवर ग्लिसरीन आणि सुईच्या आधाराने तिरकी टेकवून हळूच सोडलेली कव्हर स्लिप. ती घाईने टाकली की आत हवेचा बुडबुडा. जाड काळ्या कडेचा तो गोल पाहून दरवर्षी कोणी तरी आनंदाने ओरडतं, “मॅडम, सेल दिसली!”

मायक्रोस्कोपला तेव्हा आरसा असायचा. खिडकीतला उजेड त्या आरशाने पकडून वर पाठवायचा. प्रॅक्टिकल्स सुरू व्हायची ती नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये, बाहेर पाऊस आणि आभाळ काळं. लॅबमधले मामा टेबललॅम्प आणून ठेवायचे आणि एका दिव्याभोवती तीन-चार मायक्रोस्कोप गोळा व्हायचे. स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे जातं, हे हाताला कळायलाच एक-दोन प्रॅक्टिकल्स लागायची. आधी दहाच्या भिंगाखाली हवी ती जागा शोधायची, मधोमध आणायची आणि मगच पंचेचाळीसचं भिंग फिरवायचं. एकदम मोठं भिंग लावणाऱ्याची कव्हर स्लिप फुटायची. दिसायचं ते मात्र सुंदर: कडेला बहुपेशीय केस, आत वर्तुळात मांडलेले व्हॅस्क्युलर बंडल, त्यांतलं झायलम लालभडक आणि मधोमध मोठा भेंडासारखा गाभा.

आणि मग चित्र. पेन्सिलीला टोक, शेडिंग नाही, नावांच्या रेघा पट्टीने, एकमेकींना न छेदणाऱ्या. या नियमांचा आम्हाला जाच वाटायचा, पण त्यांच्यामागे एक मोलाची गोष्ट होती. पुस्तकातलं चित्र जर्नलमध्ये उतरवलेलं आमच्या सरांना लगेच कळायचं. ते म्हणायचे, “तुझ्या स्लाइडमध्ये बंडल किती आहेत ते मोज, मग काढ.” मोजायला गेलं की डोळा परत भिंगाला लागायचा. दोन मोठ्या बंडलांच्या मधे एक लहान आहे, एक जरा आत सरकलंय, असं दिसायला लागायचं. जीवशास्त्रात पाहणं म्हणजे काय, ते मी त्या मोजणीत शिकले.

आता मायक्रोस्कोपला एलईडी आहे, ढगाळ दुपारचं भय उरलेलं नाही. मुलं आयपीसला मोबाइल टेकवून फोटो घेतात आणि फोटो फार चांगले येतात. एका मुलीची स्लाइड छान जमली तर मिनिटाभरात सगळ्या वर्गाला दिसते. आमच्या वेळी त्यासाठी रांग लागायची. ही सोय मला मनापासून हवी आहे. माझा आग्रह एवढाच की क्रम बदलू नये: आधी चित्र, मग फोटो. फोटो क्षणात निघतो आणि क्षणातच डोळा भिंगावरून उठतो. चित्राला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात फोटोत कुठे बघायचं ते समजलेलं असतं.

झूलॉजीच्या लॅबबद्दल मात्र मला हळवं होता येत नाही. क्लोरोफॉर्मचा वास, मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून बसवलेला बेडूक, उघड्या छातीत अजून धडधडणारं त्याचं हृदय. वर्षानुवर्षं हजारो मुलांनी तीच रचना पुन्हा पुन्हा पाहिली, जी एका चांगल्या मॉडेलमध्ये किंवा जतन केलेल्या एका नमुन्यात दिसली असती. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात सरकारने 1987 मध्ये थांबवली, पण कॉलेजांतली डिसेक्शनं पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये ती टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितली आणि 2014 मध्ये पूर्ण बंद केली. हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता. झुरळाची मज्जारज्जू अखंड बाहेर काढण्यात जे हस्तकौशल्य होतं, पाण्याखाली पांढऱ्या धाग्यासारखी ती सोडवताना श्वास रोखून धरावा लागायचा, ते मी नाकारत नाही. तसा हात फुलातला अंडाशय सुईने सोडवतानाही तयार होतो, कांद्याच्या पापुद्र्यातही तयार होतो.

दुसरी खुशाल जाऊ द्यावी अशी गोष्ट म्हणजे तोंडाने ओढायचं पिपेट. काचेची नळी ओठात धरून द्राव खुणेपर्यंत आणायचा, बोटाने वरचं तोंड दाबायचं, मेनिस्कसचा तळ रेघेला टेकला की थांबायचं. कधी ना कधी प्रत्येकाच्या तोंडात काहीतरी जायचं, आणि मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्येही हीच पद्धत होती. जर्मनीत मारबुर्गला हाइनरिश श्निटगर यांनी 1957 मध्येच मायक्रोपिपेट बनवलं होतं, आपल्या एफ.वाय.च्या ओट्यापर्यंत यायला त्याला बरीच दशकं लागली. आता अंगठ्याच्या दाबावर मायक्रोलिटर मोजता येतात. मात्र अंगठ्यालाही शिकवावं लागतं. पहिल्या टप्प्यापर्यंत दाबून टिप द्रावात बुडवायची, अंगठा सावकाश सोडायचा, रिकामं करताना दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबायचं. नवी मुलं थेट दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून द्राव ओढतात, माप जास्त येतं आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही.

इथे जुन्या लॅबमधली एक सवय मी मुद्दाम परत आणली: वजन सावकाश, तपासून घेण्याची. आमच्या वेळी काचेच्या कपाटातला तराजू असायचा आणि त्याची वजनपेटी. वजनांना बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायची, काचेचं दार लावायचं, काटा दोन्हीकडे सारखा झुलतो का ते बघायचं. एका वजनाला दहा मिनिटं लागायची. आज डिजिटल तराजूवर आकडा लगेच उमटतो आणि मुलं तो देववाणीसारखा मानतात. म्हणून मी पहिल्याच आठवड्यात त्यांना तराजूवर एक छोटा बीकर ठेवून, टेअर करून, म्हणजे आकडा शून्यावर आणून, पिपेटने शंभर मायक्रोलिटर पाणी टाकायला लावते. शंभर मायक्रोलिटर पाण्याचं वजन 0.1 ग्रॅमच्या आसपास यायला हवं. पुन्हा पुन्हा टाका, प्रत्येक आकडा लिहा. कोणाचा आकडा 0.098 ते 0.101च्या मधे राहतो, कोणाचा 0.08 ते 0.12 असा उड्या मारतो. पंखा चालू असताना तराजूचं दार उघडं ठेवलं तर काय होतं तेही दिसतं. तासाभरात हाताची चूक कोणती आणि यंत्राची कोणती, हे मुलं आपसांत बोलायला लागतात.

त्यातला चुकलेला आकडाही वहीत राहतो, कारण लिहायचं पेनाने आणि चूक झाली तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. या बाबतीत आमचा काळ कच्चा होता, हे सांगायलाच हवं. रफ वहीतलं किंवा चिठोऱ्यावरचं रीडिंग घरी जाऊन फेअर जर्नलमध्ये जायचं आणि जाताना सुधारायचं. सीनियर्सची जर्नल्स हातोहात फिरायची. सर्टिफाइड जर्नलशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नसल्याने जर्नल सुंदर असणं महत्त्वाचं झालं, खरं असणं मागे पडलं. आता तोच धोका टाइप केलेल्या, एकमेकांना पाठवलेल्या फाइलींमध्ये आहे. ओट्यावर, ग्लिसरीनचे डाग पडलेल्या वहीत, जागीच लिहिलेलं रीडिंग मला दोन्ही काळांतल्या नीटनेटक्या जर्नलांपेक्षा मोलाचं वाटतं.

अभ्यासाचं म्हणाल तर आमच्याकडे साधनं थोडी होती. लायब्ररीत मोजक्याच प्रती असलेलं ए. सी. दत्तांचं बॉटनीचं पुस्तक, मराठीत समजावून इंग्रजीत डिक्टेट केलेल्या नोट्स, आणि मराठी शाळेतून आलेल्यांनी समासात भरून ठेवलेले शब्द. पण दर आठवड्याला पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आकृती काढायची, नावं द्यायची आणि मग पुस्तक उघडून लाल पेनाने राहिलेलं भरायचं, ही शिस्त होती. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवून दिलं की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर जास्त आठवतं ते न बघता आठवून लिहिणाऱ्यांना. आजच्या मुलांकडे व्हिडिओ आहेत, अ‍ॅनिमेशन आहे. क्रेब्ज सायकल फिरताना दिसते, जी आम्ही नुसती पाठ केली. व्हिडिओ बघून झाला की तो बंद करून कोरा कागद घ्या, एवढंच मी त्यांना सांगते. ज्यांनी हे केलं त्यांचा दुसऱ्या सेमिस्टरमधला फरक मला प्रश्न विचारताच कळतो.

आणि सहल. महाबळेश्वरला किंवा कासला, पाठीवर वर्तमानपत्रं आणि प्लांट प्रेस घेऊन. रोप मुळासकट काढायचं, कागदात पसरायचं, रोज कागद बदलायचे, वाळलं की शीटवर चिकटवायचं आणि कुकच्या ‘फ्लोरा’त नाव शोधायचं. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची ती नोंद 1901 ते 1908च्या दरम्यान प्रसिद्ध केली आणि आम्ही तिच्याच किल्ल्या, म्हणजे लक्षणांवरून नावापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या, वापरून कुळं उघडायचो. शंकर पुरुषोत्तम आघारकरांची गोष्ट सर सहलीतच सांगायचे: वनस्पतिशास्त्राचा हा माणूस सह्याद्रीत फिरत होता आणि ओढ्याच्या गोड्या पाण्यात त्याला जेलीफिश दिसली. आपला विषय नाही म्हणून त्याने मान वळवली नाही.

आता कासला फूल तोडता येत नाही आणि ते योग्यच आहे; 2012 पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. मुलं फोटो काढतात, जागेची नोंद फोटोबरोबर आपोआप होते, एखादं अ‍ॅप नावही सुचवतं. ते नाव मी त्यांना खोडायला सांगत नाही, पडताळायला सांगते: पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, खोड चौकोनी आहे का, अंडाशय वर की खाली, हे भिंगाने बघा आणि कुकच्या किल्लीतून त्याच नावापर्यंत पोहोचता येतं का ते पाहा. आणि कासच्या बाहेर, बांधावर तुळशीच्या कुळातलं काही भेटलं तर पान चुरडून त्याचा वास वहीत लिहायचा, तिथेच, उभ्याउभ्या. फोटोत वास येत नाही, आणि घरी पोहोचेपर्यंत तो आठवतही नाही.