जुलैअखेरचा ताफा

मी कामाला लागलो तेव्हा आमच्या सर्व्हरना गडकिल्ल्यांची नावं होती. तोरणा, रायगड, आणि मी वऱ्हाडातला म्हणून माझ्या आग्रहाने एक नरनाळा. तोरणा रुसला की कुणीतरी रात्र जागवायचं, लॉग चाळायचं, त्याला ताळ्यावर आणायचं. आता क्लाउडवर माझ्या हाताखाली व्हर्च्युअल मशीनचा ताफा असतो. एकाच टेम्पलेटवरून सगळी मशीन उभी राहतात. त्यांची नावं म्हणजे अक्षरं-आकड्यांची माळ, ती लक्षात ठेवायची गरज पडत नाही. एखादं बिघडलं तर त्याच्यावर उपचार होत नाहीत. ते मोडून त्याच्या जागी दुसरं येतं.

मग जीव लावायचा कशावर? माझ्या मते ताफ्याचं खरं कसब दोन ठिकाणी आहे: मशीन आजारी आहे हे ठरवण्यात, आणि ताफा कधी वाढवायचा हे ओळखण्यात.

पहिलं दिसायला सोपं आहे. मशीनांमध्ये काम वाटून देणारा लोड बॅलन्सर दर काही सेकंदांनी प्रत्येक मशीनला विचारतो, जागेवर आहेस ना? याला हेल्थ चेक म्हणतात. नवखा माणूस उत्साहात त्या प्रश्नात डेटाबेसचीही चौकशी घालतो. गर्दीत डेटाबेस मंदावतो, सगळ्याच मशीनचं उत्तर उशिरा येतं, सगळी आजारी ठरतात आणि एकदमच मोडली जातात. नवी येतात ती आधीच दमलेल्या डेटाबेसवर एकाच वेळी नव्या जोडण्या मागत. तीही आजारी ठरतात. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. मशीन मोडायचं की नाही हे ठरवणारा प्रश्न फक्त त्या मशीनपुरता. त्याच्याकडे सध्या काम पाठवायचं की नाही, हा दुसरा. ताफ्याला वरची मर्यादाही याच कारणासाठी हवी. प्रत्येक मशीन डेटाबेसशी २० जोडण्या उघडत असेल आणि डेटाबेस ५०० झेपवत असेल, तर २५ च्या पुढचं मशीन मदतीला येत नाही, अडचणीत भर घालतं.

दुसऱ्या कसबासाठी मला माझा जिल्हा उपयोगी पडला. आमची सेवा शेतकऱ्यांच्या अर्जांशी जोडलेली आहे, आणि वाशिमचं खरीप म्हणजे मुख्यतः सोयाबीन आणि तूर. खरीप पीकविम्याची नेहमीची मुदत ३१ जुलै. त्या आठवड्यात सहाही तालुक्यांतल्या सेवा केंद्रांवर रांगा असतात. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आधार कार्ड, पासबुकाची झेरॉक्स. बाहेर पाऊस, शेतात डवरणी खोळंबलेली. माझ्या आलेखावर सकाळी दहाला चढ सुरू होतो. मध्येच एक खोल खळगा दिसतो: एखाद्या भागातली लाइट गेली. ती परत आली की तिथली सगळी केंद्रं एकाच मिनिटात अर्ज पाठवू लागतात आणि रेघ उभी वर जाते.

ऑटोस्केलिंगचा साधा नियम इथे अपुरा पडतो. सीपीयू ६० टक्क्यांवर गेला की नवं मशीन आण, असं सांगून ठेवलं तरी ते तयार होऊन कामाला लागेपर्यंत तीन-चार मिनिटं जातात. केंद्रावरच्या मुलाच्या पडद्यावर तेवढा वेळ चक्र फिरत राहतं, आणि रांगेतला माणूस मजुरी बुडवून आलेला असतो. म्हणून त्या आठवड्यात मी नियमावर विसंबत नाही. वेळापत्रक लावून साडेनऊलाच ताफा मोठा करून ठेवतो. क्लाउडच्या मुंबईतल्या तिन्ही झोनमध्ये, म्हणजे स्वतंत्र डेटा सेंटरमध्ये, मशीन सारखी वाटलेली; एक झोन बसला तरी दोन तृतीयांश उभी. रिकाम्या मशीनचं भाडं पडतं, हिशेबाच्या बैठकीत त्यावर प्रश्न येतात. मी तिथे ठामपणे सांगतो, की हा खर्च झालाच पाहिजे.

कमी करणं त्याहून जपून. गूगल क्लाउडचा ऑटोस्केलरसुद्धा मशीन घटवताना साधारण मागच्या १० मिनिटांतली सर्वांत मोठी गरज धरून चालतो, लाइटच्या खळग्याला लगेच भुलत नाही. मला तेवढंही पुरत नाही. दिवसा मी किमान संख्या खाली येऊच देत नाही. जाणाऱ्या मशीनला नवं काम द्यायचं नाही, पण हातातलं पुरं करू द्यायचं. गट नंबर भरून झालाय, सातबारा निम्मा अपलोड झालाय, आणि नेमकं तेच मशीन काढून घेतलं तर त्या माणसाला पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवल्यासारखं आहे. अर्धवट अर्ज मशीनवर न ठेवता बाहेर सामायिक जागी ठेवणं, हा त्यावरचा पक्का इलाज.

मुदतवाढीचंही भान लागतं. २०२३ मध्ये राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला, सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज आले आणि मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली. अशा वेळी ३१ च्या मध्यरात्री ताफा आपोआप आखडणारं वेळापत्रक घातक. ते मी पहिल्या आठवड्यापर्यंत ताणून ठेवतो आणि हातानेच उतरवतो.

सध्या रब्बीची तयारी चालू आहे. हरभऱ्याची मुदत १५ डिसेंबर. त्याआधी टेम्पलेटमध्ये नवी सुरक्षा-दुरुस्ती घालायची आहे. एक नवं मशीन आधी उभं करायचं, ते नीट उत्तर देऊ लागलं की मगच एक जुनं काढायचं, असं करत सगळा ताफा बदलायचा. नोव्हेंबरातल्या एखाद्या रविवारी दुपारी ते उरकेल.