डावा कोपरा

गारगोटीच्या मैदानावर परवा आम्ही कबड्डी पाहावयास गेलो, ते एका १७ वर्षांच्या मुलाची परीक्षा करण्यासाठी. तालुक्याच्या संघात त्यास घ्यावे की नाही, हे आम्हांस विचारले होते. आणि आमच्या एका नकाराने त्याचा हंगाम बुडणार होता.

डाव्या कोपऱ्यावरील गडी म्हणजे चढाईवाल्याच्या पायाचा वैरी. बोनस रेषेसाठी पाय लांबला की घोटा धरावयाचा. मुलाने पूर्वार्धात असे दोन घोटे धरले. टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्ही मात्र नाराज. दोन्ही वेळां पाय पुरता येण्याआधीच तो झेपावला होता. सापडला हे नशीब! तिसऱ्या वेळी तो स्वतः बाद झालाच, मदतीस धावलेला मध्यरक्षकही गेला.

उत्तरार्धात तिघेच उरले. आता पकड साधली तर दोन गुण, मोह मोठा. चढाईवाला पुनःपुन्हा पाय पुढे करी. परंतु सहांहून कमी गडी असता बोनस मिळत नाही, तेव्हां तो पाय निव्वळ आमिष होता. मुलाने ते ओळखिले आणि तो मागेच राहिला. तीस सेकंद सरत आले, चढाईवाला रिकामाच परतला. टाळी एकही पडली नाही.

त्याच रात्री आम्ही होकार कळविला.